भिंत, दार आणि मधली कड

पुनरुत्थानाच्या सणानंतर घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही धर्मग्रामात फिरतो, तेव्हा घराचा जो भाग आमच्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून येतो, तो म्हणजे दाराची चौकट. घंटा वाजवावी, आत पावलांची चाहूल लागावी, कडी निघावी. तेवढ्या वेळात पाहण्यासारखे समोर दुसरे काही नसते. अशी पुष्कळ वर्षे दारांशी उभे राहिल्यावर आमच्या ध्यानात आले की, आपल्या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी चर्चच्या दप्तरांत पुष्कळ शोध घेतला, परंतु दाराच्या कडेकडे फारसे कुणी पाहिले नाही.

दोन चौकटी आम्हांला विशेष आठवतात. एक अंधेरीच्या जुन्या गावठाणातील. सागवानी, मनगटाहून जाड, दीड हात रुंद भिंतीत घट्ट बसलेली. वरच्या आडव्या लाकडाच्या मध्यभागी क्रूस कोरलेला. आपल्या हिंदू बंधूंच्या घरी या लाकडाला गणेशपट्टी म्हणतात. आपल्या पूर्वजांनी जागा तीच ठेवली आणि चिन्ह आपले घातले. घरातील वृद्ध मावशी आम्हांला म्हणाल्या होत्या, ''फादर, या दारातून मी नवरी होऊन आत आले. आता याच दारातून मला बाहेर न्यायचे, एवढेच मागणे आहे.'' दुसरी चौकट त्यांच्याच मुलाच्या बोरिवलीतील घरची, नवव्या मजल्यावरची. वाकवलेल्या पत्र्याची, आतून पोकळ, आणि लाकडाचा भास व्हावा म्हणून तपकिरी रंग दिलेली. बोटाने टिचकी मारली तर डब्यासारखी वाजणारी. घराणे एक, श्रद्धा एक, संध्याकाळची रोझरीही एकच. परंतु या दोन चौकटींच्या मध्ये एक मोठा इतिहास उभा आहे.

भिंत आणि दार या दोन भिन्न प्रकृतीच्या वस्तू आहेत. भिंत स्थिर, दार हलते. वीट पाणी शोषते आणि सावकाश सोडते. लाकूड पावसाळ्यात फुगते. लोखंड उन्हात वाढते आणि ओलीत गंजते. ही दोन जिथे भेटतात तिथे फट राहणारच. ती फट एखाद्या पिढीने कशी मिटवली, एवढ्यावरून त्या पिढीपाशी कोणते साहित्य होते, कोणते कारागीर होते आणि ती किती वर्षांचा विचार करून बांधत होती, हे सांगता येते. या लेखात आम्ही त्या एका कडेचाच मागोवा घेणार आहोत.

पाषाणाची कड

साष्टी बेटावर दाराचा प्रश्न पोर्तुगीजांच्या फार आधीचा आहे. बोरिवलीजवळ कान्हेरीच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंनी खोल्या कोरल्या. तिथे भिंत आणि चौकट निराळी नव्हतीच. सारा एकच पाषाण. तरीही लाकडी दार बसवायचे म्हटल्यावर त्यांना कडेला खाचा कोराव्या लागल्या. त्या खाचा आजही दिसतात. लाकूड शेकडो वर्षांपूर्वी नाहीसे झाले. दगडाने मात्र आपण त्याला जागा कशी दिली होती, याची खूण जपून ठेवली.

१५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे आली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय धर्मगुरू गावोगाव पोहोचले. मरोळजवळ येशूसंघीयांनी १५७९ साली संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने चर्च बांधले. या परिसरातील त्या काळच्या चर्चची बांधणी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. भिंती ओबडधोबड दगडांच्या आणि चुन्याच्या, वरून गिलावा. परंतु दारे-खिडक्यांच्या भोवती मात्र घडीव दगड. हे घडीव दगड नुसते शोभेसाठी चिकटवलेले नव्हेत. एक आखूड, एक लांब, असे ते भिंतीच्या पोटात शिरतात. म्हणजे दाराची कड ही भिंतीचीच कड होती. तिला झाकण्यासाठी वेगळी पट्टी लागत नव्हती. वसईच्या किल्ल्यातील संत जोसेफ यांच्या चर्चच्या प्रवेशद्वारावर १६०१ साल कोरलेले आहे. सांगण्यासारखे जे काही असेल ते दारावर लिहायचे, ही त्या लोकांची रीत होती, कारण दाराची कड सर्वांत शेवटी पडेल, हे ते जाणून होते.

पुढे घडलेही तसेच. १७३७ साली साष्टी आणि १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकली. चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला त्या आजही पाहायला मिळतात. धातूला नेहमीच मोल असते, म्हणून उजाड वास्तूतून तो सर्वांत आधी जातो; त्यामागून लाकूड जाते; दगड उरतो. १७७४ साली साष्टी इंग्रजांकडे गेली. मरोळचे चर्च त्यानंतरही नांदते होते. १८४० साली साथीचा रोग आला आणि ते सोडून धर्मग्राम मरोळ गावात नव्या जागी हलला. १९७३ साली त्या जुन्या जागेच्या भोवती सीप्झ हा औद्योगिक परिसर उभा राहिला. आज संगणकांच्या कंपन्यांच्या मध्यभागी छप्पर नसलेले ते चर्च उभे आहे. भाविकांना वर्षातून एकदा तिथे मिस्साबलिदानासाठी जाता येते. त्या दिवशी उघड्या आभाळाखाली प्रार्थना करताना आपण ज्या कमानीतून आत जातो, तिला ना फळी आहे, ना कडी, ना बिजागरी. उरली आहे ती केवळ कड. आणि तेवढ्या कडेवरून 'हे दार आहे' हे लहान मुलालाही समजते.

सागाची चौकट

चर्चची दारे दगडाची झाली, परंतु गरीब शेतकरी, कोळी, कुणबी यांच्या घरांना घडीव दगड कुठून परवडणार? त्यांच्या घरांना कूड होता, मातीची भिंत होती. पक्क्या विटांची घरे गावठाणात वाढली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, आणि तिच्यामागे आगगाडी होती. १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. त्या वेळच्या स्थानकांच्या यादीत 'बेरेवला' म्हणजे आपले बोरिवली आणि 'अंदारू' म्हणजे आपली अंधेरी. सकाळी गाडीने शहरात जाऊन सरकारी कचेरीत वा कंपनीत नोकरी करायची आणि संध्याकाळी गावातल्या घरी परतायचे, असा एक नवा वर्ग आपल्या समाजात तयार झाला. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी याच समाजाने स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. पगाराचा पैसा हाती आला आणि घरांना विटा, मंगलोरी कौले व सागवानी चौकटी आल्या.

त्या चौकटीची बसवण्याची रीत आज जवळजवळ विसरली गेली आहे. आज आपण भिंत बांधतो, तिच्यात भोक ठेवतो आणि मागाहून चौकट ठोकतो. तेव्हा क्रम उलटा होता. आधी चौकट उभी करीत, ओळंब्याने सरळ करून तिला टेकू देत, आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी विटा रचत भिंत वर चढवत. वरच्या आडव्या लाकडाची टोके दोन्ही बाजूंना भिंतीत शिरलेली असत. मागच्या अंगाला वाळवी लागू नये म्हणून डांबर फासत. भिंतीतला चुना ओल धरीत असे आणि सोडीतही असे, लाकूडही तसेच. दोघांच्या मधली बारीक फट चुन्याने भरून वर एक लाकडी पट्टी मारली की काम पुरे होई. पट्टी खिळ्यांवर बसलेली. खराब झाली तर काढावी, दुसरी लावावी. चौकटीला हात लावावा लागत नसे.

पवित्र शास्त्राशी आपल्या लोकांचा परिचय या चौकटीतूनही झालेला आहे. निर्गमच्या बाराव्या अध्यायात इस्राएली लोकांनी कोकराचे रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या आडव्या लाकडाला लावले. विनाश त्या कडेशी येऊन थांबला आणि पुढे गेला. आत कोण आहे, हे भिंतीने सांगितले नाही, चौकटीने सांगितले. मावशींच्या घरच्या चौकटीवर क्रूस कोरणाऱ्या सुताराला हे ठाऊक असेल वा नसेल. कोरून घेणाऱ्या कुटुंबाला ते खचित ठाऊक होते.

लोखंडाचे आगमन

लोखंड दाराशी पूर्वीही होते: बिजागरी, कडी-कोयंडा, खिळे. परंतु ते पाहुण्यासारखे होते. एकोणिसाव्या शतकाने त्याला घरचे केले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि इंग्लंडचे लोखंड जहाजे भरभरून मुंबईत उतरू लागले. १८६० च्या दशकात मुंबईच्या किल्ला भागात वॉटसन हॉटेलची इमारत उभी राहिली. तिचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटे भाग जहाजाने आणून, इथे जुळवला आणि त्याच्या पोकळ्या विटांनी भरल्या. भिंतीच्या पोटात लोखंड नव्हे, तर लोखंडाच्या पोटात भिंत, असा तो उलटा प्रकार मुंबईने तेव्हा पाहिला. १९१२ साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात पोलाद तयार होऊ लागले आणि लोखंड परदेशी राहिले नाही.

पूर्व उपनगरांत तर लोखंडाच्या आधारानेच वस्त्या वाढल्या. १८९७ साली कुलपांपासून आरंभ केलेल्या गोदरेज यांनी १९४३ नंतर विक्रोळीत जमीन घेऊन कारखाने उभारले. घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात यंत्रांचे कारखाने वाढले आणि अहमदनगर, मराठवाडा, वसई, कोकण, गोवा येथून आलेली आपली कुटुंबे तिथे कामाला लागली. त्यांच्या चाळी आणि सोसायट्या उभ्या राहिल्या त्या सिमेंटच्या खांबांवर. भिंतींना भार उचलण्याचे काम उरले नाही, म्हणून भिंती नऊ इंचांवरून साडेचार इंचांवर आल्या. एवढ्याशा भिंतीत जाड सागवानी चौकट कशी बसावी? शिवाय साग महाग झाला आणि जंगलेही राखायला हवी होती. १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या नव्या इमारतींत लाकडाचा वापर थांबवला. पत्र्याच्या चौकटीचा मार्ग आधीच मोकळा झाला होता. आता तो राजमार्ग झाला.

ही चौकट म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा यंत्रावर वाकवून केलेली एक पन्हळ. तिच्या मागे दोन्ही अंगांना तीन-तीन लोखंडी पट्ट्या असतात. त्यांना गवंडी होल्डफास्ट म्हणतात. त्या विटांच्या सांध्यांत काँक्रीटने पक्क्या करायच्या आणि चौकटीची पोकळी मागून मसाल्याने ठासून भरायची, अशी रीत आहे. रीत पाळली तर चौकट चांगली टिकते. परंतु पोकळी भरण्याचे काम कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते पुष्कळदा राहून जाते. मग भिंतीच्या तुटक्या कडा झाकण्यासाठी वरून ॲल्युमिनियमची किंवा चकचकीत स्टीलची पट्टी येते, सांध्यात सिलिकॉन भरले जाते, आणि घराचा ताबा देण्याच्या दिवशी सारे देखणे दिसते.

गंजाचे गणित

या बाबतीत दुसऱ्याला बोल लावण्यापूर्वी आमची स्वतःची चूक सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही एका जुन्या चर्चमध्ये सेवेला होतो. तिथे साक्रीस्तीचे, म्हणजे मिस्साच्या तयारीच्या खोलीचे, बाहेरचे दार जुन्या विटांच्या भिंतीत होते. मूळ लाकडी चौकट कधीतरी काढून लोखंडी बसवली होती आणि तिच्या पायाशी गंज धरला होता. संरक्षक संताचा सण तीन आठवड्यांवर आला होता, महागुरुस्वामी येणार होते. आम्ही कारागिराला सांगितले, ''वरून चांगली पट्टी मारा. दिसायला नको.'' त्याने आमची आज्ञा पाळली. चौकटीभोवती चकचकीत पट्टी बसली, चारही बाजूंनी सिलिकॉन भरले गेले, भिंतीला न धुपणारा रंग लागला. सणाच्या दिवशी पुष्कळांनी कौतुक केले आणि आम्ही ते स्वीकारले.

तिसऱ्या पावसाळ्यात पट्टी फुगून बाहेर आली. विटांचे पापुद्रे सुटू लागले. एका रविवारी पहाटे दार चौकटीत असे अडकले की, वेदीसेवक मुलांना खिडकीतून आत उतरून मिस्साची वस्त्रे बाहेर द्यावी लागली. मुलांना गंमत वाटली. आम्हांला वाटली नाही. वसईकडचे एक वयस्क गवंडी आले. त्यांनी पट्टी उचकटली, आतला भुगा तळहातावर घेऊन आम्हांला दाखवला आणि म्हणाले, ''फादर, तुम्ही पाणी बाहेर अडवलं नाही. आत कोंडलं.''

त्या एका वाक्यात सारे शास्त्र आहे. लोखंड गंजले की त्याचा गंज मूळ धातूच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. जागा नसेल तर तो ती करून घेतो: वीट फोडतो, दगड चिरतो. मुंबईच्या हवेत समुद्राचे मीठ आहे, त्यामुळे ही क्रिया अधिक वेगाने होते. उन्हाचेही गणित आहे. सात फूट उंचीच्या दाराशी तापमान तीस अंशांनी वाढले तर तेवढ्या उंचीची विटांची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून कमी वाढते, लोखंड सुमारे पाऊण मिलिमीटर, आणि ॲल्युमिनियम दीड मिलिमीटर. आकडे किरकोळ दिसतात. परंतु रोज दुपारी ताणायचे आणि रोज रात्री आखडायचे, असे वर्षभर चालले की घट्ट भरलेला सांधा सुटतोच. सुटलेल्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत जाते. आणि बाकी सर्व बाजू बंद असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मरोळ, कुर्ला या भागांत दारांचे पाय पाण्यात बुडून राहिले. ज्या चौकटींत असे पाणी कोंडून राहते, त्या बाहेरून रंगीत आणि आतून भुसभुशीत होतात.

ही चूक थोरामोठ्यांच्याही हातून झालेली आहे, हे आम्ही मागाहून वाचले. अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर बांधताना ग्रीकांनी संगमरवराचे दगड लोखंडी आकड्यांनी जोडले होते. परंतु प्रत्येक आकड्याभोवती त्यांनी वितळलेले शिसे ओतले. शिसे मऊ असते, ते पाणी अडवते आणि लोखंडाला हलायला थोडी सवड देते. ते आकडे दोन हजार वर्षांहून अधिक टिकले. विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस या अभियंत्याने मोठ्या निष्ठेने दुरुस्ती केली, तेव्हा लोखंड वापरले आणि शिसे वगळले. काही दशकांतच गंजाने संगमरवर फुटू लागला. पुढच्या पिढीला ते सारे लोखंड काढून टिटॅनियम बसवावे लागले. निष्ठा होती, पैसा होता, विद्याही होती. दोन भिन्न वस्तूंच्या मध्ये जी मऊ जागा ठेवायची, तेवढी राहिली.

साक्रीस्तीच्या दुरुस्तीला लागलेला पैसा धर्मग्रामातील रिक्षा चालवणाऱ्यांच्या आणि घरकाम करणाऱ्या भगिनींच्या वर्गणीचा होता. 'दिसायला नको' या आमच्या दोन शब्दांची किंमत त्यांनी भरली. हे आम्ही त्या वर्षीच्या प्रवचनात सांगितले, आणि इथेही नमूद करून ठेवतो.

रोममधील विटांची भिंत

विटांच्या भिंतीतील सर्वांत प्रसिद्ध दार आपल्याच ख्रिस्तसभेचे आहे. रोमला संत पेत्राच्या महामंदिरात एक पवित्र दार आहे. ते केवळ जयंतीवर्षात उघडते. एरवी ते आतल्या बाजूने विटांची भिंत घालून बंद केलेले असते, आणि त्या भिंतीत धातूची एक पेटी बसवलेली असते. पूर्वी जयंतीवर्षाच्या आरंभी पोप महोदय हातोडीने त्या भिंतीवर आघात करीत आणि भिंत पाडली जाई. १९४९ साली तिथली जुनी लाकडी दारे काढून व्हिको कॉन्सोर्ती या शिल्पकाराने घडवलेले कांस्याचे दार बसवण्यात आले. १९७४ च्या नाताळच्या आदल्या रात्री सहावे पॉल यांनी आघात केला तेव्हा विटा-चुन्याचे तुकडे त्यांच्या अगदी जवळ कोसळले. त्यानंतर रीत बदलली. आता भिंत आधीच काळजीपूर्वक काढून घेतात आणि पोप महोदय कांस्याची दारे हातांनी ढकलून उघडतात. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी चाकांच्या खुर्चीत बसून ती उघडली, ते दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी दूरदर्शनवर पाहिले असेल.

या घटनेतून आम्हांला दोन गोष्टी समजल्या. पहिली ही की, जी भिंत पुन्हा उघडायची आहे ती उघडता येईल अशीच बांधली पाहिजे. दुसरी अशी की, रीत कितीही जुनी व आदरणीय असली तरी ती माणसाच्या डोक्यावर पडू लागली की बदलावी. दार तेच राहिले, आशय तोच राहिला; बांधणी बदलली.

चौकट पुन्हा उभी राहते

मावशींची इच्छा पूर्ण झाली. त्यांना त्याच दारातून चर्चमध्ये आणले गेले. वर्षभराने घर पुनर्विकासाला गेले. मुलगा आमच्याकडे आला. चौकट नव्या इमारतीत बसणार नव्हती; भिंती साडेचार इंची. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी चांगली रक्कम देऊ करीत होता. तो म्हणाला, ''फादर, पैसे नकोत असे मी म्हणत नाही. पण आईचा क्रूस कुणाच्या तरी हॉटेलात लागेल, हे मनाला पटत नाही.'' त्या सुमारास आमच्या धर्मग्रामात आवाराच्या कडेला विटांचे एक लहानसे प्रार्थनागृह बांधायचे चालले होते. चौकट तिथे बसवायची ठरली, आणि ते वसईकर गवंडी पुन्हा आले.

त्यांनी जुना क्रम पाळला. आधी चौकट उभी केली, मग भिंत. मागच्या अंगाला डांबर दिले. विटांत रुतणाऱ्या लोखंडी पट्ट्या जस्ताचा मुलामा दिलेल्या घेतल्या. चौकट जुनी असल्यामुळे तिच्या कडा झिजलेल्या होत्या. भिंत आणि लाकूड यांच्या मध्ये बोटभर फट राहिली. ती झाकायला बाहेरून धातूची पट्टी हवीच होती. पट्टीला आमचा विरोध नव्हता, आणि वाचकांनीही तसे समजू नये. पावसाच्या तोंडावरच्या दाराला ती उपयोगी असते. प्रश्न ती कशी लावायची हा होता. गवंडीबाबांनी जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा वाकवून घेतला. वरच्या अंगाला त्याचा ओठ पुढे काढला, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळत न येता थेंब बाहेर तुटून पडावा. स्क्रू फक्त लाकडात मारले, विटेत मारले नाहीत, म्हणजे ऊन-पावसात पट्टीला सरकता यावे. वर आणि दोन्ही बाजूंनी लवचीक मसाला भरला; खाली मात्र मुद्दाम अर्धा इंच जागा मोकळी ठेवली. एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, ''बाबा, ही फट राहिली का?'' ते म्हणाले, ''राहिली नाही, ठेवली. आत गेलेल्याला बाहेर यायला वाट पाहिजे.''

आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जुनी घरे पडत आहेत आणि नवी उभी राहत आहेत. हे थांबणार नाही, आणि वाढत्या कुटुंबांना घरे हवीत, म्हणून ते थांबावे असेही आम्ही म्हणणार नाही. आमची विनंती लहान आहे. ज्यांचे जुने घर जायचे आहे त्यांनी घर सोडण्यापूर्वी दाराचे एक छायाचित्र घ्यावे, चौकटीची रुंदी-उंची लिहून ठेवावी, ती कुणी व केव्हा बसवली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवावे आणि त्याची एक प्रत आपल्या धर्मग्रामाच्या दप्तरात द्यावी. ज्यांना शक्य असेल त्यांनी क्रूस कोरलेले लाकूड तरी सोबत न्यावे. आणि जे चर्चची वा घराची दुरुस्ती करीत आहेत त्यांनी पट्टी मारण्यापूर्वी आत काय आहे ते उघडून पाहावे. गंज असेल तर आधी तो खरवडावा. आणि पाण्याला बाहेर यायची वाट ठेवावी.

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने स्वतःला मेंढरांचे दार म्हटले आहे. त्या दारातून आत जाणारा बाहेरही येतो आणि त्याला कुरण मिळते, असेही तिथे सांगितले आहे. केवळ आत घेणारे दार प्रभूला अभिप्रेत नव्हते. आमच्या हातून एकदा दार असे बंद झाले की, त्यात पाणीही अडकले आणि माणसेही. प्रार्थनागृहाचे दार उघडताना आम्हांला दर वेळी त्याची आठवण होते. पट्टीच्या तळाशी ठेवलेली अर्ध्या इंचाची जागा पहिल्या पावसात आम्ही वाकून पाहिली. तिच्यातून थेंब थेंब पाणी बाहेर येत होते, आणि वर मावशींचा क्रूस कोरडा होता.